डॉक्टर वामनरावांपुढे रिकामी केलेली पिशवी

डॉक्टर वामनरावांची आणि माझी ओळख एका कापडी पिशवीमुळे झाली. अमरावतीच्या ज्या छापखान्यात हा गौरवग्रंथ छापला जात आहे, तिथे मी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवतो. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. विद्वानांच्या लेखांत माझा लेख शोभेल की नाही, ही धास्ती आहेच. पण डॉक्टरसाहेबांच्या साठीनिमित्त गप्प बसणे माझ्याने झाले नाही.

माझी पत्नी मंजुळा तेव्हा पाचव्या महिन्यात होती. आमचे पहिले मूल जगले नव्हते, त्यामुळे घरातले सगळेच धसकलेले. मंजुळाच्या पोटात कळा येत, खाल्लेले उलटून पडे. मी धावत डॉक्टरसाहेबांकडे गेलो आणि ताकदीचे जालीम टॉनिक मागितले.

"आधी ते काय काय घेऊन राहिली, सांग," ते म्हणाले.

"काहीच नाही, साहेब."

"मंग घरातली हरेक बाटली, पुडी, डबी पिशवीत घाल आन सगळ्यायले घेऊन ये. आत्ताच जा."

पिशवी रिकामी झाल्याखेरीज डॉक्टरसाहेब नवे औषध देत नाहीत, हे आमच्या साऱ्या इतवारा पेठेला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हते.

पिशवी टेबलावर ओतली गेली, तेव्हा आम्हीच एकमेकांकडे पाहत राहिलो. आईचे मधातून द्यायचे लोहभस्म. बार्शीटाकळीहून आलेल्या सासूबाईंची रक्तवर्धक लाल बाटली. मी आणलेल्या लोहाच्या गोळ्या. शिवाय शेजारच्या काकूंची एक बाटली. तिच्यावर पहिलवानाचे चित्र, बाकी काही नाही. गर्भारणीला ताकदीचे जे द्यायचे ते बोलून दाखवू नये, नजर लागते, असे आमच्याकडे मानतात. म्हणून प्रत्येकाने आपापले गुपचूप दिले, आणि मंजुळाने कोणाचेच मन मोडले नाही.

"काहून बापू, बायकोले दुकानच चारून राहिला काय?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

आई कळवळून म्हणाली, "म्या तं चमचाभरच देल्लं, डाक्टरसाहेब."

"तुमचा चमचा बरोबर आहे, माय. इहीणबाईचाबी बरोबर आहे. पन तिघायनं एकच लोखंड चारलं. त्या पोरीचं पोट म्हंजे काय लोहाराची भट्टी आहे?"

सासूबाई डोळे पुसता पुसता हसल्या. पहिलवानाची बाटली मात्र डॉक्टरसाहेबांनी बाजूला काढली. आत काय आहे हे जी बाटली सांगत नाही, ती कोणाच्याच पोटात जाऊ नये, असे ते ठामपणे म्हणाले. मंजुळाला तपासून त्यांनी सगळेच थांबवले. काही दिवसांनी कळा गेल्या, जेवण रुचू लागले. मग रक्त कमी आहे हे पाहून त्यांनी स्वतः लोहाचे एकच औषध दिले, बेताने, जेवणानंतर घ्यायला. मेथी, अंबाडी, लिंबू रोज ताटात असू द्या, असेही आईला बजावले. आमची सरस्वती सुखरूप जन्मली. आज ती माझ्या खिळ्यांच्या पेटीत हात घालते, आणि मी ओरडतो.

डॉक्टरसाहेब टॉनिकांचे वैरी मुळीच नाहीत. हाडे वाकलेल्या एका पोराला त्यांनीच माशाचे तेल देऊन पायांवर चालायला लावले. ते पाहून तालमीतला एक गडी तेच तेल वाटीने पिऊ लागला, तेव्हा त्याला म्हणाले, "कंदिलात तेल लय वतलं म्हनून उजेड वाढते काय?" शरीरात ज्याची उणीव आहे तेच, लागेल तेवढेच, आणि डॉक्टरापासून काही न लपवता घ्यावे, हे त्यांनी आम्हाला न रागावता शिकवले. महायुद्धाच्या या दिवसांत रोज नव्या शक्तिवर्धकाची जाहिरात मी जुळवतो. घरी काही नेण्याआधी मात्र त्यांना विचारतो.

परवा साठीचा नमस्कार करायला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. त्यांच्या कपाटात चाहत्यांनी भेट दिलेल्या टॉनिकच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. आईने त्या पाहिल्या, मेथीची टोपली खाली ठेवली आणि पदर खोचला.

"डाक्टरसाहेब, यातलं काय काय घेऊन राहिले तुमी? काढा सगळं भायेर. पिशवी म्या आनली आहे."

डॉक्टरसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि निमूटपणे एकेक बाटली टेबलावर मांडू लागले. सगळ्यांची बुचे शाबूत होती.

ती बुचे अशीच शाबूत राहोत, ताटात मेथी-भाकर रुचत राहो, आणि सरस्वतीच्या लेकरांच्या पिशव्याही डॉक्टरसाहेबांच्याच हातून रिकाम्या होवोत, एवढे उदंड आणि निरोगी आयुष्य त्यांना लाभो.