नर्सबाईंनी घेतलेला शेअर

आत आल्या आल्या त्या माझ्या काँप्युटरच्या पडद्याला उलटा हात लावायच्या. आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा. क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "ताप हाय ह्याला."

दिवसभर चालू असलेला पडदा तापणारच. पण त्यांचं बोलणं पडद्याबद्दल नाही, बाजाराबद्दल आहे हे ऑफिसात बसलेल्या सगळ्यांना कळायचं आणि सगळे हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

शिरूरच्या पेठेत औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं शेअरचं ऑफिस होतं. पुण्यातल्या एका दलालाची शाखा, चालवायचो मी. बाजाराचे भाव यायला गच्चीवर भली मोठी डिश होती. तिच्यामुळे खालून जाणाऱ्यांना वाटायचं, वर पिक्चर दाखवतात. दोन हजार सालाच्या आगेमागचे दिवस ते. तुमच्यापैकी कुणी त्या काळात अशा ऑफिसात बसलं असेल, तर तिथली हवा तुम्हाला आठवत असेल. कुणी कामाला जायला तयार नसायचं. भाव वाढताना तिथं नसलो तर तो वाढायचा थांबेल, असं प्रत्येकाला वाटायचं.

त्यांना सगळे नर्सबाई म्हणत. सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. न्हावरे, मांडवगण फराटा, आसपासची सगळी गावं लसी टोचत पालथी घातलेली. "गोळी घेतली" असं पेशंटनं सांगितलं की त्या म्हणायच्या, "जीभ वर कर." निवृत्त झाल्यावर ती सवय गेली नाही. फक्त पेशंटच्या जागी आम्ही आलो.

चहा आला की आधी त्याचा वास घेत. कागदावर सही करण्याआधी तो उलटून बघत. मागची बाजू कोरी असली तर ती कोरी का आहे, हे विचारत. बसायच्या दाराजवळच्या खुर्चीवर, कारण बाकीच्या खुर्च्या पंख्याखाली होत्या आणि तो पंखा त्यांना पटत नव्हता.

"बाई, तुम्ही मला कधी सल्ला विचारत नाही," मी एकदा म्हणालो.

"तुला कशाला इचारू? मी घेतलं तरी तुला दलाली, इकलं तरी दलाली. मी बुडाले काय आन् तरले काय, तुझा चहा येतोच हाय."

तेव्हा रोज नव्या कंपन्यांची नावं कानावर यायची. कुणाच्या नावाला 'टेक' लागलेलं, कुणाच्या 'इन्फो'. जनावरांची पेंड विकणाऱ्या एका कंपनीनं रातोरात सॉफ्टवेअरवालं नाव घेतलं आणि तिचा भाव पळायला लागला. हायस्कूलमधले एक सर आमच्याकडे रोज यायचे. त्यांनी ती घेतली होती आणि ते खुशीत होते.

नर्सबाई म्हणाल्या, "सर, काल पेंड इकत व्हते ते. आज काँप्युटर कोण शिकवून गेलं त्यांना?"

"बाई, जग बदलतंय."

"पाटी बदलली. जग कुठं बदललं?"

त्या स्वतः काहीच घेत नसत. येत, बघत, प्रश्न विचारत आणि घरी जात. मग एक दिवस त्या पेढे घेऊन आल्या.

दौंडला त्यांची बहीण होती, रेल्वेत असलेल्या माणसाला दिलेली. ती वारल्यावर तिच्या मुलीचं सगळं शिक्षण बाईंनी केलं. तीच भाची इंजिनियर झाली आणि पुण्यात एका इंटरनेटच्या कंपनीत लागली. त्या कंपनीचे शेअर बाजारात होते. बाईंनी कंपनीचं नाव मला जपून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि निवृत्तीच्या पैशांतला बराच मोठा भाग तिच्यात घालायला लावला. त्या दिवशी त्यांनी ना पडद्याला हात लावला, ना कागद उलटला.

मग जे झालं ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सगळं ऑफिस तो शेअर घ्यायला लागलं. सरांनी घेतला. न्हावऱ्याहून दूध घालायला येणारे एक आप्पा होते. त्यांनी गोठा वाढवायला ठेवलेले पैसे त्यात घातले.

"नर्सबाईंनी घेतलाय," आप्पा मला म्हणाले. "ज्या बाईचा चहावर भरोसा न्हाई, तिनं तपासल्याबगर घेतला असल व्हय?"

हे कानावर आलं तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. "आप्पा, मी पोरीसाठी घेतला. कंपनी मला ठाव न्हाई." आप्पा नुसते हसले. बाई आतली बातमी लपवतायत, असा त्यांचा समज झाला.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चल पुण्याला. बघून येऊ."

"बाई, कंपनी अशी बघायची नसते."

"मग कशी बघायची असती? तू बघितलीस?"

मी एसटीत बसलो.

भाची आनंदानं खाली घ्यायला आली. काचेचं ऑफिस होतं, गार हवा, तरुण पोरं माना खाली घालून काम करत होती. कुठं काही खोटं दिसत नव्हतं. तिनं आम्हाला आपल्या जागेवर नेलं आणि पडद्यावर आपलं काम दाखवलं. शेतमालाचे भाव, हवामान, नोकऱ्या, लग्न जमवणं, सगळं एका ठिकाणी.

"छान हाय," बाई म्हणाल्या. "आन् हे बघायचं लोक काय देत्यात?"

"काही नाही, मावशी. फुकट आहे."

"मग तुझा पगार?"

"लोकांनी शेअर घेतले ना, तो पैसा आहे कंपनीकडे. पुढे जाहिराती येतील. आत्ता फक्त जास्तीत जास्त लोक यायला हवेत."

"आन् न्हाई आले तर?"

भाची हसली. "मावशी, तू म्हणजे ना!" तिनं आम्हाला कॅन्टीनमध्ये जेवू घातलं. बाईंनी भाजीचा वाससुद्धा घेतला नाही.

परतीच्या एसटीत वाघोली मागं पडली तसं बाईंनी खिडकी उघडली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पोरगी खोटं बोलत न्हाई रं. खोटं बोलत असती तर बरं झालं असतं. खोटं पकडून तिला तिथनं भाईर काढता आलं असतं. तिला सगळं खरंच वाटतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले सगळे शेअर विकले. चोरून नाही. सगळ्यांदेखत मला विकायला सांगितलं आणि मग उभं राहून बोलल्या. "माझ्या भरवशावर कुणी घेतलं असल, तर ऐका. तिथं पोरं चांगली हायेत, कष्टाळू हायेत. पण गिऱ्हाईक न्हाई. कवा येईल ते त्यांनाबी ठाव न्हाई."

आप्पांनी लगेच विकले. सरांनी चष्मा पुसला. बाई गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "डाव कळला का? आपल्याला घाबरवायचं, भाव पडला की स्वस्तात परत घ्यायचा. आतली बाई आहे ती."

भाव पडला नाही. वाढत गेला. रोज वाढत गेला. सर पेढे वाटायला लागले. आप्पा जिन्यात भेटले तरी बाईंकडे बघेनासे झाले. गोठा झाला असता, त्यावर माडीही चढली असती, असं ते लोकांना सांगायचे. बाई दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसायच्या आणि कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. प्रश्न विचारणंही त्यांनी सोडलं. एकदा मला म्हणाल्या, "माझं चुकलं का रं?" तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

मग एका शनिवारी भाचीच ऑफिसात आली. मावशी घरी नाही म्हणून शोधत आली होती. शिरूरहून कुणीतरी तिच्या कंपनीत फोन करून विचारलं होतं, तुमच्याच माणसाची मावशी कंपनी पोकळ आहे असं सांगत फिरते, खरं काय? तिच्या साहेबानं तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"मावशी, सगळ्या जगावर संशय घेतेस ते मला माहिती आहे. पण माझ्यावरपण?"

"तुझ्यावर न्हाई गं."

"मग कुणावर? मी तिथंच काम करते ना? रात्रंदिवस आम्ही जे करतो ते खोटं आहे?"

बाईंनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. जिना उतरतानाचे भाचीचे पाय आम्ही सगळ्यांनी ऐकले. सरांनी खुर्ची पडद्याकडे वळवली. त्या दिवाळीला भाची शिरूरला आली नाही. बाईंनी केलेला फराळ माझ्या घरी आला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बाजार पडला तसा तो शेअरही पडला. मग इतका पडला की विकत घ्यायला कुणी उरलं नाही. कंपनीनं पुण्याचं ऑफिस बंद केलं. कुणी फसवलं नव्हतं. पैसे संपले, गिऱ्हाईक आलं नाही. सर यायचे बंद झाले. आपण बाईंबद्दल काय म्हणालो होतो, ते त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

आप्पा मात्र आले. दुधाची किटली घेऊन, मान खाली घालून. "बाई, तुमच्यामुळं वाचलो. घरचं दूध हाय."

बाईंनी किटलीचं झाकण काढलं, बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. "पाणी हाय ह्यात," त्या म्हणाल्या. आप्पा इतके जोरात हसले की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

"माझं खरं झालं म्हणत्यात," त्या मला म्हणाल्या. "खरं व्हऊन काय उपयोग? पोरीची नोकरी गेली आन् मला फोनबी न्हाई केला तिनं."

त्यांनी वाट बघितली नाही. शिरूरच्या घराला कुलूप घातलं, न्हावरे, चौफुला करत एसटीनं दौंडला गेल्या आणि मेहुण्यांच्या घरी राहिल्या. भाची तिथंच आली होती. पहिले काही दिवस दोघी एकमेकींशी फक्त भाजी आणि गॅसबद्दल बोलत, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. शिरूरला त्या पुन्हा राहायला आल्या नाहीत. दोन-तीन वर्षांनी दौंडलाच वारल्या. आमचं ऑफिसही त्याआधीच बंद झालं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दौंड स्टेशनावर. भाचीला बंगळूरला दुसरी नोकरी लागली होती, पुन्हा काँप्युटरच्याच कंपनीत. सामान जड आहे, तू ये, असं म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं. सामान फारसं नव्हतंच.

गाडी आली. भाची खिडकीत बसली, तिनं डबा मांडीवर घेतला. मग गजांमधून हात बाहेर काढून मावशीचा हात धरला आणि विचारलं, "मावशी, खरं सांग. ही कंपनी बरी असेल ना?"

मी बाईंकडे बघितलं. आता प्रश्न सुरू होतील असं मला वाटलं.

"चांगली हाय," बाई म्हणाल्या. "लई चांगली हाय. बिनघोर जा."

भाची हसली. गाडी हलली. बाई तिच्याबरोबर प्लॅटफॉर्मवर थोडं चालल्या, मग थांबल्या आणि शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिल्या. मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडे वळल्या.

"नाव काय म्हनली रं ती कंपनीचं?"

मलाही माहीत नव्हतं.