शांतवनचं स्वतःचं मागणं

चिखलीतल्या एका लेथच्या वर्कशॉपात दुपारचे डबे उघडण्याआधी सगळे मिनिटभर थांबायचे, ते शांतवन उजागरेसाठी. गडी मूळचा जालन्याकडचा, ख्रिस्ती, साठीला टेकलेला. डोळे मिटून तो जेवणावर प्रार्थना करायचा, आणि बाकीचे तेवढ्यात आपापल्या अर्ज्या सरकवायचे. नवनाथच्या बायकोचं बाळंतपण, गणराजच्या भावाची परीक्षा. शांतवन एकेकाचं नाव घेऊन मागायचा. एकदा धनेश म्हणाला, सासूबाई मुक्कामाला आल्यात, त्यांना लवकर गावाची आठवण होऊ दे. तेवढी एक अर्जी काही शांतवनने पुढे पाठवली नाही.

जगासाठी मागणाऱ्या या माणसाच्या जिभेला स्वतःपुरतं मात्र कुलूप. एकुलती लेक मिनल, तिने बापाच्या मनाविरुद्ध, स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. शांतवन लग्नाला गेला नाही. त्याला सात वर्षं झाली. दोन वर्षांमागे बायको जयमाला गेली, तेव्हा लेक आईच्या मातीला आली, आणि बापाशी अक्षर न बोलता परत गेली.

शिफ्ट सुटली की तो खोलीवर यायचा. भात लावायचा, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायचा, आणि करपलेला भात तसाच खायचा. नावं ठेवायला तरी कोण होतं घरात? मग गुडघे टेकून म्हणायचा, ‘प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो.’ मिनलचं नाव ओठांपर्यंत यायचं नि तिथूनच माघारी फिरायचं. देवाला सगळं ठाऊक आहे, त्याला आणखी वेगळं काय सांगायचं, अशी त्याची समजूत.

खोलीची मालकीण छबूबाई, गावातली जुनी शेतकरीण. एका रविवारी तो चर्चमधून आला तर ती ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. तिने त्याला बसवून घेतलं, लेकीची चौकशी केली, देवापाशी मागता का, म्हणून विचारलं. त्याने आपली समजूत सांगितली.

“म्हंजी तुमचा देव मनकवडा हाय?”

“आहेच.”

“आमचं म्हातारं बी तसंच हुतं. मी तोंड फुगवलं की त्याला समदं कळायचं. तरी मी बोलल्याबिगर चहाचा घोट घ्यायचं न्हाई. म्हनायचं, कळलंय गं, पर तू सांग की. तू न्हाई बोललीस तर मी कुनासंगं बोलू?”

शांतवन हसला. पण खोलीत आल्यावर त्याला बसवेना. दार लोटून तो गुडघ्यांवर आला.

“प्रभू, मिनलला माझ्याशी बोलू दे. मला फार एकटं वाटतं.”

स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. मग बांध फुटावा तसं एकेक बाहेर पडत गेलं. लग्नाच्या दिवशी नवा शर्ट घालून तो स्टँडपर्यंत गेला होता आणि तिथून परत फिरला होता, हे त्याने जयमालालाही कधी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं, आपण सात वर्षं लेकीच्या फोनची वाट पाहिली, स्वतः एकदाही लावला नाही.

त्याने फोन लावला. पूर्ण वाजला आणि बंद झाला.

फोन बाजूला ठेवून त्याने पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाला, “नाही उचलला. उद्या कामावरून आलो की परत लावतो. तोवर तिला सांभाळ. आणि मला धीर दे.”