उतरगाडी

निवृत्त झाल्यावर कोणी तीर्थयात्रा करतं, कोणी बायकोच्या फोडणीत लक्ष घालायला लागतं. मी लाल स्पोर्ट्स कार घेतली. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या आवारात ती ताडपत्रीखाली पडून होती. दोनच सीटा, काढून ठेवता येणारं छप्पर, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायला नव्हे, निजायला जावं तसं शिरावं लागायचं. मारेगावात ती आली त्या दिवशी माझे जुने विद्यार्थी, आता पोराबाळांचे बाप झालेले, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. मी मात्र यात विशेष ते काय, असा चेहरा करून बाजूला उभा होतो. त्या चेहऱ्याची आता लाज वाटते.

एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. गाडीचा थाट शर्यतीचा होता, पण आत इंजिन होतं साध्या घरगुती मोटारीचं. सपाट रस्त्यावर ती झकास पळायची आणि चढ आला की धापा टाकायची. मारेगावात त्यानं काही अडत नव्हतं. पण दर रविवारी आम्ही दोघं मुकुटबनच्या बाजूला माझ्या सासूबाईंना भेटायला जातो. त्यांच्या गावाअलीकडे जंगलातून जाणारा एक लांब चढ आहे आणि त्या चढाच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे.

पहिल्याच रविवारी गाडी अर्ध्या चढावर अडली. मी हँडब्रेक ओढला आणि बायकोला म्हणालो, "उतर जरा." ती उतरली, तेवढ्या हलक्या झालेल्या गाडीनं उरलेला चढ पार केला. पुढच्या रविवारपासून मी शहाणा झालो. अर्ध्यात अडायचं कशाला, म्हणून पायथ्याशीच, टपरीसमोर थांबायला लागलो. "उतर," मी म्हणायचो, "आन् लवकर ये, गाडी गरम होते." मग एकटाच वर जाऊन पळसाच्या सावलीत, इंजिन चालू ठेवून तिची वाट बघायचो.

ती नर्स होती. खेड्यापाड्यांत घरोघरी फिरून तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला. लांबच्या उपकेंद्रावर बदली झाली तेव्हा आमची जुनी गाडी तीच चालवत न्यायची. गाडी चालवण्यात ती माझ्यापेक्षा कमी नव्हती. लाल गाडीची किल्ली मात्र मी तिच्या हातात कधी दिली नाही. चढून वर आली की ती पदरानं तोंड पुसून गुपचूप सीटवर बसायची. मी तिच्याकडे नाही, गाडीच्या तापमानाच्या काट्याकडे बघत असायचो. काही दिवसांनी तर पायथा जवळ आला की तिचा हात आपोआप दाराच्या कडीवर जायला लागला, आणि बायको किती समजूतदार आहे याचं मला कौतुक वाटलं. एकदा तिला यायला नेहमीपेक्षा वेळ लागला तेव्हा मी वरून हॉर्नही वाजवला.

मग एका रविवारी टपरीवरून आवाज आला, "आली रे, उतरगाडी आली." चार-दोन माणसं हसली. मी समजलो ते असं की ही गाडी फक्त उतारावर चालते, म्हणून उतरगाडी. शब्द जिव्हारी लागला. गावभर मिरवलेल्या गाडीचं असं नाव पडावं! त्या आठवड्यात बाजारात भाजी घेतानाही कोणीतरी विचारलं, "मास्तर, उतरगाडी कशी हाय?" घरी येऊन मी पिशवी आपटली आणि जाहीर केलं की या गाडीत मोठं इंजिन टाकायचं. बायको मिरच्यांचे देठ खुडत होती. ती म्हणाली, "टाका."

वणीच्या एका गॅरेजवाल्याचं नाव ऐकून होतो. गेलो त्याच्याकडे. पुढे एका नातेवाइकाकडे जायचं होतं म्हणून बायकोही सोबत होती. ती दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. गॅरेजवाला तोंडाळ आणि मोठ्या इंजिनांचा वेडा होता. त्याचं चाललं असतं तर त्यानं शिलाई मशीनलाही ट्रकचं इंजिन बसवलं असतं. अपघातात चेपलेल्या एका लांबलचक मोटारीचं इंजिन त्यानं लाकडी ठोकळ्यांवर मांडून ठेवलं होतं. त्यावर थाप मारत म्हणाला, "हे टाकू मास्तर. चढ काय, भिंत चढन तुमची गाडी."

मी माझ्या शंका काढल्या. वजन वाढेल, ब्रेक पुरतील का? ब्रेकही मोठे टाकू. कागदपत्रांचं काय? नवा इंजिन नंबर आरटीओत चढवून घ्यायचा. माझं मन निम्मं तयार होतंच, उरलेलंही होत आलं. मग त्यानं बॉनेट उघडून टेप लावला, वाकून आत पाहिलं आणि म्हणाला, "एकच हाय. डाव्या बाजूचा पत्रा आत घ्या लागते. बाजूले जो बसन, त्याले पाय लांब करता येनार नाही. गुडघे जवळ घेऊन बसा लागन."

गाडीत दोनच सीटा. उजवीकडची माझी. बाजूला कोण बसतं आणि तिच्या कोणत्या गुडघ्याला काय झालंय हे मला ठाऊक होतं, आणि ती हाकेच्या अंतरावर बसलेली होती. तरीही मी म्हणालो, "चालते."

गॅरेजवाला खूश झाला. "आन् फायदा पाहा नं," तो म्हणाला. "मी बी चा प्याले थांबतो त्या टपरीवर. चढ आला का तुमाले बाईले 'उतर, उतर' म्हना लागनार नाही. मंग कोन म्हनते उतरगाडी?"

मला कळायला क्षणभर लागला. उतार नव्हे, उतर. दर रविवारी टपरीवरची माणसं माझ्या तोंडून तो एकच शब्द ऐकत होती. आधी मी, काच खाली करून, 'उतर' म्हणायचो. मागून लंगडत चढणारी बाई त्यांना दिसायची. ती माणसं गाडीला हसतच नव्हती, मला हसत होती. माझे कान तापले. मी दाराकडे पाहिलं तर ती रस्त्याकडे बघत बसली होती, बसची वाट बघावी तशी.

"राहू द्या," मी गॅरेजवाल्याला म्हणालो. त्याला वाटलं मी घाबरलो. तो आणखी कायकाय सांगत राहिला आणि मी बॉनेट लावून घेतलं.

रस्त्यात मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"साऱ्या रस्त्याले माहीत हाय जी."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमाले गाडीचं दुःख होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, गाडीचंच असन."

अशी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वर्गात शेकडो पोरांना दुसऱ्याचा विचार करायला शिकवलं होतं मी.

पुढच्या रविवारी म्हटलं, आपण बसनं जाऊ. ती म्हणाली, "गाडीनंच जाऊ." पायथा आला. टपरीवर नेहमीची माणसं होती. तिचा हात कडीवर गेला. मी म्हणालो, "थांब." गाडी बंद केली, स्वतः खाली उतरलो आणि किल्ली तिच्यापुढे धरली.

"तू घेऊन जा वर. मी येतो चालत."

तिनं टपरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश उतरून पलीकडून आली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. घाई केली नाही. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी शांतपणे वर घेऊन गेली.

मी चालायला लागलो. टपरीवर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकानं खाली मान घालून "जय भीम, मास्तर" म्हटलं, मी हात जोडले. चढ लांबलचक होता. इतके रविवार त्यावरून गेलो, पण मला तो फक्त इंजिनाच्या आवाजावरून माहीत होता. पहिल्याच वळणावर मला दम लागला, दुसऱ्यावर पोटऱ्या भरून आल्या. माझे गुडघे तर धड होते. इथं ती थांबत असेल का, कशाला धरून थांबत असेल, असं बघत मी चढत होतो. धरायला तिथं काहीच नव्हतं.

तेवढ्यात वरून हॉर्न वाजला.

मी मान वर केली. पळसाखाली लाल गाडी उभी होती, इंजिन चालू. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती म्हणाली, "लवकर या जी, गाडी गरम होऊन राह्यली."

ती हसत नव्हती. मी पाय उचलले.