आपल्यापुरता समुद्र

चिखलीहून अमडापूरला जाणाऱ्या जीपमध्ये ते माझ्यासमोर बसले होते, शेजारी त्यांची बायको. नाव मी विचारलं नाही. मी सहसा कुणाला काही विचारत नाही. ते गोव्याहून आलेत, हे मात्र जीप सुरू होण्याआधीच सगळ्यांना कळलं होतं.

"आपल्याले झुंडीत फिरनं जमत नाही," ते म्हणाले. "पणजीतून आपल्यापुरती गाडी केली, आपल्यापुरता गाईड. एका दिवसात पाच बीच!" जणू पाचही बीचचे सातबारे त्यांच्याच नावावर झाले होते. मग माझ्यापुढे फोन धरून ते फोटो सरकवू लागले. लाटेत ते, नारळाखाली ते, होडीला टेकून ते. मागे उरलेल्या जागेत थोडा समुद्रही होता.

"यात काकू कुठे आहेत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हिनंच तर काढले! गाईडच्या हाती फोन कोन देते? घेऊन पळाला असता तं?"

म्हणजे दिवसभरासाठी नेमलेला तो गाईड पाचही बीचवर हात मोकळे सोडून उभा राहिला असणार.

माझ्या बाजूच्या म्हातारीने त्यांच्या बायकोला विचारलं, "समुद्राचं पानी खरंच खारं असते काय वं?"

"काय माहीत, मावशी. लय मन होतं एक डाव पाय बुडवाचं. पन मी कोरड्यातच उभी राह्यली. फोन भिजला असता ना."

"पाहा," ते आम्हा सगळ्यांना कौतुकाने म्हणाले, "वस्तूले कशी जपते!"