बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी

आई गेल्यावर चार महिन्यांनी मी नानांना साक्रीकडच्या गावाहून सुरतेला, डिंडोलीतल्या माझ्या घरी आणलं. वडिलांना आम्ही सगळे नानाच म्हणतो. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. मजूर म्हणून लागले, मुकादम म्हणून निवृत्त झाले. एका लहान मातीच्या धरणावर रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, काही वेगळं दिसलं तर साहेबांच्या कानावर घालायचं, हे त्यांचं काम. सुरतेत ते सोसायटीच्या गच्चीवर फेऱ्या मारायचे. आमच्या भागात निम्मी माणसं खानदेशातली, भाजीवालीशीसुद्धा अहिराणीत बोलता येतं. तरी त्यांचं मन रमत नव्हतं.

डिसेंबरात आमच्या बँकेच्या शाखेची सहल सुरतेबाहेर, सचिन गावाच्या पुढे एका फार्मवर ठरली. कापडाच्या एका व्यापाऱ्याने तिथल्या ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलं होतं. पायाने चालवायच्या बदकाच्या आकाराच्या नावा, बांधावर झोपाळे आणि नारळाची रांग. घरच्यांनाही न्यायची मुभा होती, म्हणून मी नानांना घेतलं. त्यांना पाणी बघून बरं वाटेल असा माझा हिशोब होता.

उंधियू वाढून झालं आणि नाना दिसेनात. मी बांधाच्या मागच्या बाजूला उतरले. पायथ्याशी, घाणेरीच्या झुडपांत, ते उकिडवे बसले होते. समोर ताटाएवढी ओली जागा होती आणि तिच्या मधून बोटाएवढी धार येत होती. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "पानी गढूळ येस."

जेवण गार होतंय, असं मी म्हणाले.

ते उठले, पण जेवले नाहीत. पुन्हा बांधावर गेले. सांडव्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेवर, कुणीतरी विटांची गुडघाभर भिंत बांधली होती. नावा हिवाळ्यातही चालाव्यात म्हणून पाणी वर अडवलेलं. नाना त्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. माझ्या शाखेतली माणसं अंताक्षरी खेळत होती. वडील काय शोधताहेत, असं मॅनेजरसाहेबांनी विचारलं, तेव्हा मी हसून विषय बदलला. मला लाज वाटत होती, हे आता लिहायला हरकत नाही.

निघताना नानांनी चौकीदाराला गाठून ती जागा दाखवली. त्याने शेठना सांगतो म्हटलं. बसमध्ये नाना खिडकीशी बसून सारखे मागे बघत होते. बांधाच्या खालच्या अंगाला ऊसतोड मजुरांचा पडाव होता, ओढ्याच्या काठाला लागून वीसेक झोपड्या. मी त्या जातायेताना पाहिल्या होत्या, पण बांध आणि झोपड्या यांचा एकमेकांशी काही संबंध लावला नव्हता.

त्यानंतरचा आठवडा घरात कुणालाच चैन पडू दिलं नाही त्यांनी. चहा अर्धा टाकायचे. गच्चीवरच्या फेऱ्या वाढल्या. माझा नवरा म्हणाला, वय झालंय, आईंच्या जाण्याचं मनाला लागलंय, डॉक्टरांना दाखवू. गुरुवारी दुपारी मी काउंटरवर असताना शेजारणीचा फोन आला की नाना सकाळपासून घरात नाहीत. त्यांचा फोन बंद. पुढच्या माणसाचं पासबुक हातात तसंच धरून मी उभी होते. ते संध्याकाळी आले, चपला चिखलाने भरलेल्या. सचिनपर्यंत बस आणि पुढे शेअर रिक्षा करून फार्मवर जाऊन आले होते. धार आता दोन बोटं झाली होती. शेठ भेटले नव्हते.

मी चिडले. निदान सांगून जायचं, म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाले, "माय, माले तठे ली चाल. मी एकटा सांगेन तर कोन ऐकी?"

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी पाळण्यात असताना एका पावसाळ्यात त्यांनी असंच गढूळ पाणी पाहिलं होतं. साहेब तालुक्याला गेलेले. नानांनी स्वतःच्या जबाबदारीवर खालची वस्ती उठवली. माणसं गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन भर पावसात टेकाडावर दोन दिवस बसली. बांधाला काहीही झालं नाही. साहेबांनी लेखी खुलासा मागितला आणि गावाने त्यांचं नाव 'गढूळ मुकादम' ठेवलं. आई पाण्याला गेली की बायका तिला ऐकवायच्या. पुढे कितीतरी वर्षं ते नाव त्यांना चिकटून होतं. मला ते कुणी ऐकू दिलं नव्हतं.

मी विचारलं, मग या वेळी नक्की आहे का?

"नाही," ते म्हणाले. "नक्की कधीच नसतं."

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शेठना फोन करून बोलावून घेतलं होतं. माणूस सभ्य होता, खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. नानांचं बोलणं ऐकून घेतल्यावर ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "काका, माटीनी पाळ छे, थोडुं तो झमे ज." मातीचा बांध, थोडा पाझरणारच.

नानांनी मान डोलावली. बांधाला घाम येतोच, म्हणाले, नितळ आला तर मी घरी बसेन. मग त्यांनी काचेचे दोन पेले मागितले. एकात तळ्याचं पाणी भरलं, दुसऱ्यात पायथ्याच्या धारेचं. दोन्ही टेबलावर ठेवले. आम्ही तिघं त्या पेल्यांकडे बघत बसलो. मला बसवत नव्हतं, मी उठून उभी राहिले. दुसऱ्या पेल्याच्या तळाशी हळूहळू पिवळट माती साचली.

"तळ्याचं पाणी स्वच्छ आहे," नाना हिंदीत म्हणाले. "मग ही माती कुठली, शेठ?"

शेठनी तो पेला उचलून उजेडात धरला. मग म्हणाले की सोमवारी इंजिनियरला बोलावतो. उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, सगळे रविवार बुक झालेत, आज पाणी सोडलं तर नावा चिखलात बसतील. नानांनी सांडव्यावरची भिंत आजच फोडा म्हणून सांगितलं. शेठचा आवाज जरा चढला. जागा त्यांची होती, ते बरोबरच होतं.

नानांनी वाद घातला नाही. काठी उचलली आणि बांध उतरून पडावाकडे चालू लागले. मी मागोमाग. मजुरांत आमच्याकडची, नवापूर-साक्रीकडची माणसं होती. बरेच पुरुष फडात होते. नाना चुलीपाशी बसलेल्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलले. घाबरवलं नाही, नुसतं सांगितलं की दोन-चार दिवस वरच्या अंगाला राहा, मी चुकलो तर मला शिव्या द्या. टोळीचा मुकादम कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. पण एका म्हातारीने नानांकडे नीट बघितलं, चुलीतलं लाकूड ओढून विझवलं आणि पिठाचा डबा डोक्यावर घेतला. मग दुसरी उठली.

शेठ बांधावरून हे बघत होते. डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका चढ चढताना बघून त्यांच्या मनात काय आलं, मला माहीत नाही. त्यांनी चौकीदाराला पहार आणायला सांगितलं. भिंतीच्या विटा निघू लागल्या तसं पाणी सांडव्यातून, बांधाला वळसा घालून, दूरच्या चरात पडायला लागलं. शिवाय दोन पंप लावले. आम्ही अंधार पडायच्या आत निघालो. नाना निघताना पुन्हा धारेपाशी जाऊन आले.

पाणी पाचव्या दिवशी पुरेसं उतरलं. इंजिनियरने धारेच्या जागी खणवलं तेव्हा बांधाच्या पोटात झाडाचं कुजलेलं मूळ निघालं आणि त्याच्याभोवती मनगट जाईल एवढी पोकळी. शेठनी फोनवर मला हे सांगितलं. बांध फुटला असता का, मी विचारलं. इंजिनियर म्हणतो कदाचित, ते म्हणाले. कदाचित आणखी चार वर्षं काही झालंही नसतं.

मी ते नानांना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं आता त्यांना शांत वाटेल. ते म्हणाले, "म्हणजे याही खेपेला कळलं नाही." आणि गच्चीवर गेले. मी पाठोपाठ गेले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी त्यांच्याबरोबर फेऱ्या मारल्या, टाकीपासून जिन्यापर्यंत आणि परत.

तो हंगाम फार्म बंद राहिला. शेठनी आभार मानले नाहीत, दोषही दिला नाही. पुढच्या मे महिन्यात मात्र त्यांनी गाडी पाठवली. बांध नव्याने बांधला होता, नारळ काढून टाकले होते, सांडवा मोकळा. काकांनी एकदा बघून घ्यावा, असा निरोप होता. नानांनी दोन तास लावले. उतरले, चढले, मातीचं ढेकूळ बोटांनी चुरडून पाहिलं. शेठ त्यांच्या मागे मागे चालत होते.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, कसा झालाय?

"बरा झालाय," ते म्हणाले. जरा वेळाने खिडकीची काच खाली केली. "पण एक पावसाळा जाऊ दे."