बेहड्याखालची रोपं

शेजारी शिकलेलं माणूस राहायला आलं की किस्से शोधत हिंडावं लागत नाही, ते कुंपणावरून आपोआप आत येतात. पौडच्या पुढे, आमच्या घराला लागून असलेल्या खोलीत मॅडम राहतात. रानातल्या औषधी झाडांचा अभ्यास करतात. मी काही डोकावत नाही, आमची खिडकीच तिकडे आहे!

*

पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, नेमकं काम काय?"

"एकाच जातीची रोपं वेगवेगळ्या झाडांखाली लावायची. कुठलं झाड रोपाला वाढू देतं, कुठलं मारतं, ते बघायचं."

"म्हणजे कुठलं झाड आई अन् कुठलं सासू, असंच ना?"

ओट्यावरून आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडल्या, "ऐकतीय मी!"

*

रोपं नरक्याची. औषधी झाड, रानात आता क्वचितच दिसतं. नावासारखाच वास! मॅडमनी फुललेली फांदी खोलीत आणून ठेवली, तर आमच्या मिस्टरांनी मेलेला उंदीर शोधायला घरातलं कपाट सरकवलं. खरं कळल्यावर म्हणाले, "मॅडम, ह्ये औषध हाय का आजार?"

*

एकदा मॅडम फोनवर बोलत होत्या (खिडकी!). दिवाळीला साहेब बघायला येणार, तोवर रोपं जगली नाहीत तर काम बंद, खोली खाली.

मला कसंतरीच झालं. गिरिपुष्पाच्या झाडाखालची रोपं माना टाकून होती. मॅडम पुण्याला गेल्यावर मी त्यांना शेणखत घातलं, पाणी घातलं. परत आल्या तर रोपं टवटवीत! मॅडम नाचायच्याच बाकी. "वहिनी, गिरिपुष्प रोपांना वाढवतंय!"

"गिरिपुष्प कशाला, मी वाढवतेय की!"

मॅडम तिथंच मातीत बसल्या.

*

श्रावणात ऐनाच्या झाडाखालची रोपं तर बुडासकट गायब. बेहड्याखालची मात्र तरारलेली. मॅडम खूश. "बेहड्याच्या मुळातच काहीतरी आहे!"

शेळ्या घेऊन चाललेले किसनतात्या थांबले. "मुळात न्हाई बाई, वर बघा. भूत हाय त्यात. माझी एकबी शेळी तितं जाऊ देत न्हाई मी."

"आणि ऐनाखाली?"

"तितं रोज बसतो की! सावली लई गार. शेळ्याबी पोटभर खात्यात."

*

मॅडमनी ऐनाखाली पुन्हा रोपं लावली. तात्यांना हात जोडले. तात्या "व्हय व्हय" म्हणाले, अन् दुसऱ्या दिवशी शेळ्यांसकट तिथंच घोरत पडले.

संध्याकाळी मॅडम माझ्याकडे आल्या. आवाज एकदम बारीक. "वहिनी, काल तिन्हीसांजेला ऐनाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली. फक्त तुम्हाला म्हणून सांगते. कुणाला बोलू नका हं!"

मी गळ्याची शप्पथ घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांच्या शेळ्या पार ओढ्यापलीकडे. ऐनाखाली चिटपाखरू नाही.

दिवाळीला साहेब आले, ताठ उभी रोपं बघून गेले. मॅडमनी मला पुण्याहून छान हिरवी साडी आणली.

"अहो, साडी कशापायी?"

"कुणाला बोलला नाहीत म्हणून!"