ती लस या जंतांची नव्हती

सांडोर गावातल्या आमच्या वाडीत आईची एक तांबडी शेळी होती. जन्मल्या जन्मल्याच पोरकी झालेली, म्हणून आईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. रविवारी आई मिस्साला निघाली की ती चर्चच्या फाटकापर्यंत मागे यायची.

उन्हाळ्यात गावात जनावरांच्या लसीकरणाचं शिबिर झालं. मीच तिला टोचून आणलं आणि आईला म्हणाले, "आता वर्षभर काळजी नाही." मी शाळेत विज्ञान शिकवते. आईने विश्वास ठेवला.

पावसाळ्यात केळींखालचं गवत वाढलं. शेळी दिवसभर तिथेच चरायची. एका सकाळी आई म्हणाली, "हिच्या पापन्या आतून पांढऱ्या पडल्यात. जबड्याखाली पानी साचल्यासारखं लागतं."

मी वह्या तपासत होते. "लस दिलीय ना, होईल बरी," मी मान वर न करता म्हणाले. आईने पुन्हा विषय काढला नाही.

पाचव्या दिवशी शेळी उठेना. जनावरांच्या डॉक्टरांनी तिची पापणी उलटून पाहिली. "जंत आहेत. पोटाला आतून चिकटून रक्त पितात. फार उशीर झालाय."

"पण लस दिली होती," मी म्हणाले.

"ती वेगळ्या रोगाची. या जंतांवर परदेशात मेंढ्यांसाठी एक लस आहे. जंताच्या आतड्यातलीच प्रथिनं टोचतात. मग मेंढीच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. जंत रक्त पितो, तेव्हा तीही त्याच्या पोटात जातात आणि त्याचं आतडं निकामी करतात. आपल्याकडे ती लस मिळत नाही. आपण वेळेवर जंताचं औषध पाजायचं, एवढंच."

त्यांनी औषध दिलं. पण दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवून शेळी गेली. आम्ही दोघींनी वाडीतच खड्डा खणला.

आठवड्याने मी तिला म्हणाले, "चूक माझी आहे, आई. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही."

ती भाजी निवडत होती. "तुला ठाऊक नव्हतं, बाय," ती म्हणाली. "मला दिसत होतं. तरी मी गप बसले. शिकलेली लेक सांगते म्हनून."

मी तिच्याजवळ बसून भाजी निवडू लागले. ती अजूनही स्वतःलाच दोष देते.